म्हातारपणाच्या दाहावर उपासमारीचा उतारा

साठीनंतर शरीरात आतल्या आत दाह (इन्फ्लमेशन) धुमसत असतो आणि तोच म्हातारपणाचे मूळ आहे. म्हणून डाळी, दूध, अंडी बंद करा, व्यायामाने दाह वाढतो म्हणून चालणे सोडून सांध्यांना विश्रांती द्या, हळदीचा काढा घ्या, दर महिन्याला सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन) तपासा, आणि वजन उतरू लागले तर दाह बाहेर पडतो आहे असे समजा, अशा अर्थाचा एक लांबलचक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो माझ्या आत्याकडे पोहोचला आणि तिने तो निष्ठेने पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. वरणाची वाटी तिच्या ताटातून गेली, सकाळचे फिरणे थांबले, आणि मनगटात घट्ट बसणाऱ्या बांगड्या हात वर करताच कोपराकडे घरंगळू लागल्या. ती याला गुण येणे म्हणते.

दाहाची गोष्ट मुळातून खोटी नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. इटलीतील क्लाउडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वार्धक्यातील या मंद, रेंगाळणाऱ्या दाहाला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. ज्या वृद्धांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ (दाहाचा संदेश देणारे प्रथिन) आणि सीआरपी वाढलेले असते, त्यांच्यात स्नायूंची ताकद कमी आणि परावलंबित्व अधिक आढळते, हेही खरे. परंतु पोटावरची चरबी, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार आणि बैठेपण यांमुळेही हा दाह वाढतो, आणि संदेशकर्त्याने नेमके बैठेपणच औषध म्हणून लिहून दिले आहे.

व्यायामाने दाह वाढतो, हा त्यातला सर्वांत घातक मुद्दा. व्यायामानंतर रक्तातील इंटरल्यूकिन-६ वाढते, पण ती वाढ काही तासांत ओसरते आणि तिच्यामागोमाग दाह शमवणारी द्रव्ये वाढतात. ‘या वयात झेपणार नाही’ म्हणणाऱ्यांनी संशोधक मारिया फियातारोने यांचा १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास पाहावा. बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातील १०० जर्जर माणसे, सरासरी वय ८७. त्यांच्यापैकी काहींकडून दहा आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम देखरेखीखाली करून घेतले. त्यांची स्नायूंची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला आणि जिने चढण्याचे बळही वाढले. ज्यांना व्यायामाविना केवळ पोषक पेय दिले, त्यांना मात्र असा लाभ झाला नाही. उलट बाजूही तपासली गेली आहे: २००७ सालच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. संदेशातील ‘विश्रांती’ला तर मुदतही नाही.

डाळ-दूध-अंडी बंद करण्याला कोणता आधार आहे, हे मला शोधूनही सापडले नाही. वय वाढले की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात, म्हणून वृद्धांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा मिळतात, आणि तेही काढून घ्यायचे? मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हळदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भाजीतली हळद खुशाल खावी; मात्र हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी त्या परस्पर घेऊ नयेत. सीआरपी साध्या सर्दी-खोकल्यानेही वाढते, त्यामुळे लक्षणे नसताना ते दर महिन्याला तपासून लॅबचे बिल तेवढे वाढेल.

राहिला वजनाचा मुद्दा. अमेरिकेतील वार्धक्यतज्ज्ञ लिंडा फ्रीड यांनी २००१ साली जर्जरतेचे जे निकष मांडले आणि जे आजही जगभर वापरले जातात, ते पाच आहेत: वर्षभरात नकळत साडेचार किलोंहून अधिक वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन जुळले की माणूस जर्जर समजला जातो. संदेश ज्याला दाह उतरल्याची खूण म्हणतो, ते वजन घटणे या यादीत पहिले आहे, आणि त्यामागे मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग किंवा नैराश्य असू शकते. आत्याला या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतो आहोत. वरण मात्र कालपासूनच सुरू केले आहे.