तीन नंबर टेबल

आमच्या दाजींचं कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकान आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण भिंतीला चिकटवलं आणि विषय संपवला. पण २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि दाजी खवळले. "पाव्हणं, आपली बी वेबसाइट पायजे." घरात लॅपटॉप उघडता येणारा मी एकटाच.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चार दिवसांत वेबसाइट उभी केली. चपलांच्या भावाचा तक्ता टेबलाच्या एका प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये, भरला. कापशी, बक्कलनाली, पुकरी हे चपलांचे प्रकार, पुढे माप, पुढे किंमत. दाजी म्हणाले, "खरेदीचा भाव बी घाला, मला बघाय बरं पडतंय." घातला. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तो रकाना स्टाइलच्या एका ओळीनं झाकला. स्वतःवर खूश होऊन फडतरेंची मिसळ खाऊन आलो.

संध्याकाळी दाजींचा फोन. "सर्चमधी 'कापशी' टाकलं. 'काहीही सापडले नाही' म्हणतंय. अख्खा माळा कापशीनं भरलाय की!"

मी पाहिलं. पान उघडलं की तक्त्यात कापशी अकरा वेळा. सर्चमध्ये एकदाही नाही.

"दाजी, ते टेबलातलं शोधत नाही."

"मग खण उघडून बघा की."

त्यांना कसं समजवावं याचा विचार करत खानावळीत जेवायला बसलो होतो. वेटरनं आतल्या बाजूला तोंड करून हाळी दिली, "तीन नंबर टेबल, एक मटण ताट!" आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्डप्रेसचा साधा सर्च पानाचं शीर्षक, सारांश आणि आतला मजकूर एवढंच वाचतो. आणि माझ्या पानाच्या मजकुरात तक्ता नव्हताच! तिथं फक्त शॉर्टकोडची चिठ्ठी होती : टेबल, आयडी ३. तक्ता दुसऱ्याच कप्प्यात. कुणी पान उघडलं की चिठ्ठी आत जाते आणि ताट बाहेर येतं. सर्च मात्र चिठ्ठीच वाचत बसतो. त्या चिठ्ठीवर पांढरा रस्सा कुठं लिहिलेला असतो? म्हणून तो खानावळीत मिळत नाही असं थोडंच आहे!

दाजींना हे लगेच पटलं. "मग त्येला ताट बघाय लावा."

त्यासाठी दुसरं प्लगइन. हे आधी सगळ्या पानांवरून फिरून शब्दांची यादी, म्हणजे इंडेक्स, करून ठेवतं आणि मग त्या यादीत शोधतं. शॉर्टकोड उलगडून वाचायचा पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये होता. खूण केली, सेव्ह केलं, 'कापशी' टाकलं. काहीही सापडले नाही. दीड तास डोकं आपटल्यावर कळलं की खूण करून भागत नाही, इंडेक्स नव्यानं बांधायला लागतो. एक बटण. दीड तास!

बरं, तक्ता बदलला तरी पान आपलं जिथल्या तिथं, त्याला काय पत्ता. म्हणजे दाजींनी भाव वाढवला की इंडेक्स ताजा व्हावा म्हणून मी पान उघडून नुसतं पुन्हा सेव्ह करायचं. दाजी दिवसातून दोनदा भाव बदलतात.

त्यात भाच्यानं शिल्लक मालाचा गूगल शीट आयफ्रेममध्ये बसवून ठेवला होता. तो तर कुठल्याच सेटिंगनं सापडेना. सापडणार कसा? आपल्या खिडकीतून शेजारच्यांचा टीव्ही दिसतो म्हणून तो आपल्या घरात आहे असं होत नाही. शीट गूगलच्या घरी, आपली नुसती चौकट. शेवटी ती माहितीही टेबलात ओतली.

मग भाषेचा घोळ. गाव कोल्हापूर, पण चप्पल कोल्हापुरी. व्याकरणाचा नियमच तसा आहे. निम्मी गिऱ्हाइकं 'कोल्हापूरी' लिहितात, आणि सर्चला पहिला आणि दुसरा उकार म्हणजे दोन निराळी गावं. प्लगइनमध्ये समानार्थी शब्दांची सोय होती. तिथं माझ्या हातानं चुकीचं शुद्धलेखन भरलं. आई मराठीच्या शिक्षिका होत्या. त्या वेळी त्या मागेच उभ्या होत्या. रात्री मला भाकरी गार मिळाली.

पण जमलं! 'कापशी' टाकलं की तक्त्याचं पान वर, खाली मजकुराचा तुकडा, त्यात शब्द पिवळा रंगवलेला. दाजी गल्लीभर मोबाइल दाखवत फिरले. "नाद खुळा!"

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन. दाजींनी स्पीकरवर टाकला.

"कापशी आठ नंबर, किंमत सोळाशे, बरोबर?"

"बरोबर साहेब. हातशिलाई हाय."

"आणि पुढं खरेदी साडेनऊशे लिहिलंय. मग अकराशेला द्या ना."

पानावरचा रकाना मी झाकला होता; पण सर्च फॉरमॅटिंग काढून टाकतो आणि पडद्यामागचंही सगळं वाचून तुकड्यात छापतो. दाजींनी फोन उलटा ठेवला, घाम पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणं, मघाच्या वानी परत सापडंनासं करा."