भयपट, सहकुटुंब

भयपट एकट्याने पाहावा, नाहीतर अनोळखी माणसांबरोबर चित्रपटगृहात पाहावा. तीन पिढ्या एका सोफ्यावर बसवून मुळीच पाहू नये, या मताचा मी आहे. तरीही 2024 साली आलेला ‘मुंज्या’ आमच्या घरी नेमका असाच पाहिला गेला.

मुंज झालेला मुलगा सोडमुंजेआधी दगावला तर त्याचा मुंजा होतो, हे आईने आरंभीच सांगून टाकले. त्याबरोबर माझ्या सात वर्षांच्या मुलीने, “दादाची सोडमुंज झालीय ना?” एवढेच विचारले आणि नक्की उत्तर मिळेपर्यंत ती भावापासून सरकत सरकत सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. पडद्यावरच्या भुताची तिला फिकीर नव्हती. दादा सोळा वर्षांचा. ते भूत संगणकावर तयार केलेले आहे, पार्श्वसंगीत थांबले की दचकवणारच, असे निरूपण तो अखंड करीत होता. दोन्ही पाय मात्र त्याने केव्हाच वर घेतले होते.

त्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता. 1993 सालच्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूने आमच्या पिढीच्या झोपा उडवल्या होत्या, आणि तो बाहुला रामदास पाध्ये यांचा आहे हे कळूनही आम्ही बाहुल्या कपाटात कोंडूनच झोपत होतो. आता या वयात मला भीती वाटते ती आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येतील याची.

आईचे माहेर कुडाळजवळचे असल्यामुळे तिचे आक्षेप तांत्रिक होते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार गावाची राखण करणारा, अशी ज्याची त्याची हद्द ती तलाठ्याच्या कोरडेपणाने सांगत होती. भुताने हद्द सोडलेली तिला खपत नाही. ‘बीस साल बाद’मध्ये शेवटी माणूसच गुन्हेगार निघाला, याचा तिचा राग 1962 पासून टिकून आहे.

चित्रपट संपल्यावर पोरांना धीर यावा म्हणून ती म्हणाली, “मुंजा असा घरात शिरत नाही रे. त्याला पिंपळ लागतो, आणि इथला पिंपळ तर ही इमारत बांधताना बिल्डरने तोडून टाकला.”

संगणकतज्ज्ञाने थोडा वेळ विचार केला.

“आजी, मग तो राहायला कुठे गेला?”

त्या रात्री त्याचे अंथरूण आमच्या खोलीत आले.