झावळ्यांचा रविवार आणि आपली शिंदी

झावळ्यांचा रविवार जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच विषय निघतो : झावळ्या आणायच्या कुठून? यंदा एकाने प्लॅस्टिकच्या झावळ्यांचा फोटो टाकला. "धुऊन ठेवल्या की पुढच्या वर्षीही चालतील," अशी पुस्तीही जोडली. खाली लगेच अंगठ्यांची रांग. काटकसरीचा मुद्दा मान्य, पण मला काही ते पटलं नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर पाळकसाहेबांना मध्ये पडावं लागलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईस्टरच्या आधीचा रविवार. येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमात आला आणि लोक झावळ्या घेऊन सामोरे गेले, त्याची आठवण. ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. 2024 ला तर हा रविवार ऐन होळीच्या दिवशी आला होता.

आता गंमत बघा. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चारही चरित्रांत, हा प्रसंग आहे, पण खजुरीच्या झावळ्या फक्त योहानाने सांगितल्या. मत्तय म्हणतो झाडांच्या डहाळ्या. मार्क म्हणतो शेतांतून तोडून आणलेला पाला. लूक तर पानाचं नावही काढत नाही. त्याच्याकडे लोक वाटेवर अंगावरची वस्त्रं अंथरतात, बस्स. म्हणजे सणाला नाव पडलं ते एकट्या योहानाच्या शब्दावरून. तरी ते नाव टिकलं, कारण यहुदी माणसाच्या लेखी खजुरीचं पान शोभेचं नव्हतं. इसवी सनापूर्वी 141 मध्ये यहुदी पुढारी शिमोन मक्काबीने यरुशलेमचा किल्ला परक्यांकडून सोडवला, तेव्हा लोक अशाच झावळ्या घेऊन आत शिरले होते. पुढे रोमने सन 70 मध्ये यरुशलेम उद्ध्वस्त केलं आणि विजयाची नाणी पाडली, त्यांवर यहुदिया म्हणून कोण दाखवली? खजुरीखाली बसून रडणारी बाई. झावळी म्हणजे त्या लोकांचा झेंडाच होता. येशू आला त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या गर्दीला रोमला हाकलणारा राजा हवा होता. 'होसान्ना' हा शब्द आपण जयजयकारासारखा गातो, पण मुळात ती आरोळी आहे : तार, आम्हाला आत्ताच तार! पाच दिवसांत त्याच शहरात 'त्याला वधस्तंभावर खिळा' अशी आरोळी उठली, ते आपण गुड फ्रायडेला वाचतोच.

हे झालं यरुशलेमचं. पुढे हा सण जिथे जिथे गेला तिथे खजूर होतीच असं नाही. रशियातल्या बर्फात कुठून आणणार? तिथे विलोच्या काड्या घेतात, आणि त्या रविवाराला नावही विलोचंच आहे. स्पेनमध्ये नुसता फांद्यांचा रविवार. वेल्समध्ये फुलांचा रविवार म्हणतात आणि त्या दिवशी कबरींवर फुलं वाहतात. केरळात याला ओशाना म्हणतात, म्हणजे आपला होसान्नाच; हातात नारळाचं कोवळं पिवळसर पान. दाराशी नारळ आहे, तर नारळ घेतला. कोणीही दुसऱ्याच्या गावचं पान मागवत बसलं नाही.

आणि आपण? खानदेशात नारळ शोधतो. नाही मिळाला तर फुलवाल्याकडून अरेका पामच्या पेंड्या आणतो, जी लग्नाच्या स्टेजमागे खोचतात ती. ते झाड मूळचं मादागास्करचं. आता त्याच्याही पुढची पायरी प्लॅस्टिक. आणि चर्चमागच्या नाल्याला शिंदीची रांग उभी आहे, तिच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही.

वनस्पतिशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा. खजुराचं शास्त्रीय नाव फिनिक्स डॅक्टिलिफेरा, शिंदीचं फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. दोघींचं पहिलं नाव एकच, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. नारळ आणि अरेका लांबचे. योहानाने लिहिलेल्या पानाच्या सर्वांत जवळचं पान तापी-पांझरेच्या काठी, बांधाबांधावर फुकट उभं आहे.

मग अडतं कुठे? अडतं नावात. शिंदी म्हटलं की आपल्याकडे आधी झाड आठवत नाही, तिच्या दारूचं मडकं आठवतं. यात हसण्यासारखं काही नाही. नंदुरबार-नवापूरकडे आमच्या आजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा घेतला म्हणजे दारू-ताडी सुटली, ही विश्वासाची पहिली खूण मानायचे. ती शिस्त एकट्या मिशनची होती असंही नाही; 1930 च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांच्या 'आप' चळवळीनेही भिल्ल समाजाला दारू सोडायला लावली. दारूने घरं बुडताना ज्यांनी पाहिली, त्यांना त्या झाडाचं पान वेदीपाशी नको वाटलं असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आज मंडळीतले जे ज्येष्ठ "शिंदी नको, बरं दिसत नाही" म्हणतात, त्यांना माझा नम्र प्रश्न आहे. द्राक्षाचीही दारूच होते ना? मग प्रभुभोजनाला द्राक्षरस कसा चालतो? दोष मडक्याचा, पानाला कशाला शिक्षा?

दुसरी कुरकुर केरसुणीची. शिंदीचं पान हातात दिसलं की रस्त्यावरचा माणूस विचारणारच, "इतला पानडा कथा लई चालना रे भो? फडा बनावना शे का?" विचारू द्या. लक्ष्मीपूजनाला आपल्याच शेजाऱ्यांच्या घरी शिंदीच्या केरसुणीला हळदकुंकू लागतं, तिथे कोणाला तिची लाज वाटत नाही. आपल्यालाच काय ती पडलीय! आणि गाढवावर बसून आलेल्या राजाच्या मिरवणुकीत केरसुणीचं पान शोभत नाही, हे ठरवणारे आपण कोण?

तर माझं म्हणणं एवढंच की यंदापासूनच आपल्या मंडळीत शिंदी. तरुण संघाने मनावर घेतलं तर शनिवारी संध्याकाळी तासाभराचं काम आहे. ज्याच्या बांधावर झाड आहे त्याला आधी विचारा. शेंड्याचा कोंब अजिबात छाटू नका, झाड मरतं. खालची जुनी पानं घ्या, तीही एका झाडाची दोन-चारच. कोयत्याने कापताना देठाकडून सांभाळून. पानाच्या बुडाशी पातींच्या जागी सुयांसारखे काटे असतात, बोटात घुसला की रात्रभर ठणकतो. म्हणून बुडाचा तेवढा भाग तिथेच छाटून टाका आणि मगच गठ्ठा बांधा, शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या) लेकरांच्या हातात पान द्यायचंय. मार्चअखेरीला आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, तेव्हा गठ्ठा ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला की सकाळपर्यंत पान ताठ राहतं. सण झाल्यावर पानं उकिरड्यावर नकोत. ज्या मंडळ्यांत राखेचा बुधवार (त्या दिवशी कपाळाला राख लावतात) पाळतात, तिथे हीच पानं वाळवून पुढच्या वर्षीच्या राखेसाठी ठेवतात. आपल्याकडे ती रीत नाही, पण मंडळीतल्या ज्या मावशी केरसुण्या बांधतात त्यांना विचारा, त्या आनंदाने नेतील.

प्लॅस्टिकची ऑर्डर अजून गेली नसेल तर खजिनदारांनी कृपया थांबावं. गेली असेल तर परत करण्याची मुदत बघावी.