राजाची लेक आणि रमाबाई

हल्ली आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांच्या सभांना एक उपदेश फार चालतो. तू राजाची, म्हणजे देवाची, लेक आहेस, तू खास आहेस, प्रभूने तुझ्यासाठी मोठी योजना आखली आहे! मागे कीबोर्ड, समोर प्रोजेक्टर, आणि मुलांच्या टाळ्या. मग सोमवारी ऑफिसात अप्रेझल वाईट आलं की राजाची लेक रडायला मोकळी. ख्रिस्तात माणसाला किंमत मिळते हे मी मनापासून मानते, म्हणूनच ती अशी स्वस्तात वाटलेली मला खपत नाही.

आपल्या पंडिता रमाबाई बघा. दुष्काळात आईवडील गेलेले, मग भाऊ, मग नवरा. पदरात लहानगी मनोरमा. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला तेव्हा वय पंचवीस, आणि डोक्यावरचं छप्परसुद्धा तिथल्या मठातल्या सिस्टरांच्या कृपेचं. अशा बाईने मान खाली घालून राहायचं असतं ना? ही बाई त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांना शिकवू नको म्हणून बिशपांनी अडवलं, तर का नको म्हणून विचारते. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून नुकती कुठे सुटलेय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं स्वच्छ लिहून कळवते.

हे बळ तिला विश्वासातूनच आलं, असं माझं मत. माझा हिशेब देवापाशी आहे म्हटल्यावर बिशपाच्या शेऱ्याची धास्ती कशाला? आणि गंमत म्हणजे यात 'मी भारी' कुठेच नाही. रमाबाई स्वतःला पापीच म्हणवून घेत. तुम्ही चांगले आहात म्हणून तुम्हाला किंमत आहे, असं शुभवर्तमान कुठे सांगतं? बायबलातला जक्कय येशूला बघायला झाडावर चढला तेव्हा लोकांना लुबाडणारा जकातदारच होता. येशूने त्याला नावाने हाक मारली, आज तुझ्याच घरी उतरणार म्हणाला. लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा जक्कयने त्यानंतर केली. हा क्रम आमचे उपदेशक उलटा करतात.

आता दुसरी बाजू, आमच्या नगरकडची. १८४२ साली सुरू झालेल्या मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली पोर, आणि थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते कळव. (ती ख्रिस्ती नव्हती. उगाच तिला आपल्या रांगेत ओढू नका.) पण पुढे नगर-जालन्याकडच्या हजारो महार-मांग कुटुंबांनी या प्रश्नाला स्वतःपुरतं उत्तर शोधलं आणि ती ख्रिस्ती झाली. त्यांना 'पोटासाठी बाटले' म्हणणारे आजही भेटतात. दुष्काळात धान्य घेतलं असेलच, उपाशी माणसाने घेतलं तर त्यात लाज कसली? पण धान्य त्या सालातच संपलं. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरी-प्याल्याला, सगळ्यांबरोबर एका रांगेत बसणं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पवित्र शास्त्र वाचणं, हे मात्र नातवंडांपर्यंत आलं. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाही. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना, आम्हाला अजून नाही. पोटासाठी बाटलेली माणसं असला आतबट्ट्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालवतात होय?

बाहेरच्यांना हे तावातावाने सांगता येतं. घरातल्यांचं काय करायचं? लक्ष्मीबाई टिळकांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्या मात्र लगेच मागोमाग गेल्या नाहीत. सोवळंओवळं सांभाळत राहिल्या, जात माणसाने केली की देवाने यावर स्वतः विचार केला, ती मनातून टाकली आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे बाप्तिस्मा पाळण्यातच होतो, पण लग्न ठरवायची वेळ आली की हळूच प्रश्न येतो, "पण मूळचे कोण?" रविवारी एका प्याल्यातून प्यायलेली माणसं हे विचारतात!

परवा भाचीच्या स्थळासाठी फोन आला, तेव्हाही हेच. म्हटलं, मूळचे राहुरीचे. "तसं नव्हे हो ताई," म्हणाले. मला दुसरं उत्तर द्यायचं नव्हतं, त्यांना गावाशी देणंघेणं नव्हतं. पुन्हा फोन आला नाही. भाचीला फोटो तसाही आवडला नव्हता.