हेडर अडला तर नळी वाकवा, स्टीअरिंग नको

भाच्याकडे त्याच्या आजोबांची १९७२ची अ‍ॅम्बॅसिडर आहे, मार्क टू. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे बघा की. निम्म्या खर्चात काम होतंय." तेव्हापासून तोच मजकूर मला आणखी तीन बाजूंनी आला, त्यातला एक तर स्वतः गॅरेज चालवणाऱ्या माणसाकडून. म्हणून हे लिहिणं आलं.

मजकूर थोडक्यात असा. भंगारातून कुठलंही १.८ लिटरचं जपानी पेट्रोल इंजिन आणा, अ‍ॅम्बॅसिडरच्या बॉनेटखाली ते बसतंच. सायलेन्सरवाल्याकडून 'फोर-टू-वन' हेडर, म्हणजे चार सिलिंडरांचा धूर नेणाऱ्या चार नळ्या पुढे एकीत मिळणारा जुडगा, करून घ्या, इंजिन जुनं असो की नवं, ताकद २० टक्के वाढते. हेडर स्टीअरिंगच्या शाफ्टला, म्हणजे स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याला, अडला तर शाफ्ट कापा, मध्ये पाइप घाला, आर्क वेल्डिंग मारा. जोड मूळ शाफ्टपेक्षा पक्का होतो. उष्णता लागत असेल तर हेडरला दोरी गुंडाळा. टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, कुठल्याही गाडीचा चालतो. आरटीओला १४ दिवसांत कळवलं की विषय संपला, आणि गाडी ५० वर्षांची असेल तर वर व्हिंटेज नंबरही मिळतो. शेवटी नेहमीचं वाक्य: 'मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही.'

नाहीच सांगणार. ज्याला काम येतं तो हे सांगेल कशाला?

आधी शाफ्ट, कारण बाकीच्या गोष्टींत पैसे जातील, इथे माणूस जाईल. स्टीअरिंगचा शाफ्ट म्हणजे नळाचा पाइप नव्हे. त्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो. असं पोलाद आधी न तापवता त्यावर आर्क मारला आणि उघड्यावर थंड होऊ दिलं, की जोडाला लागून असलेली पट्टी कडक आणि ठिसूळ होते. मग जोड तुटत नाही, जोडाच्या शेजारी तुटतं. वेल्डिंगवाला छाती ठोकून सांगतो, "माझा जोड बघा, जसाच्या तसा आहे," आणि ते खरंही असतं. ठिसूळ झालेला भाग पहिल्याच दिवशी दगा देत नाही. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टीअरिंग पिळताना, खड्ड्यात चाक आपटताना तो थोडा थोडा थकत जातो. ब्रेक गेला तर निदान हँडब्रेक आणि गिअर हाताशी असतात. स्टीअरिंगचा शाफ्ट तुटल्यावर हातात उरतं ते नुसतं चाक, आणि ते फिरतं मोकळं.

उद्यमनगरात असा एक जोड आमच्या शेडवर आला होता. तक्रार एवढीच, की वळताना स्टीअरिंग मध्येच हलकं आणि मध्येच जड लागतं. गाडी वर घेतली. शाफ्टवर ग्राइंडर मारून जागा गुळगुळीत केलेली, वर काळा रंग. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची कड, आणि तिच्या अलीकडे शाफ्टच्या अर्ध्या घेरात केसाएवढी बारीक भेग. कापून जोडताना दोन्ही बाजूंच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (शाफ्टला कोनात वळवणाऱ्या सांध्यांचे) दुबेळकी काटे एकमेकांना काटकोनात बसवलेले. खालच्या रबरी कपलिंगपासून हेडरची नळी बोटभर अंतरावर. रबर नखाने दाबलं तर दबेना, लाकूड झालेलं. मालकाचं म्हणणं, "गाडी तर चालतीय की." चालत होतीच.

हलकं-जड लागण्याचं कारण त्या काट्यांत होतं. एकच युनिव्हर्सल जॉइंट ३० अंशांच्या कोनात चालवला तर वरचा शाफ्ट एकसारखा फिरत असतानाही खालचा एका फेरीत दोनदा सुमारे १५ टक्के पुढे धावतो आणि दोनदा सुमारे १३ टक्के मागे पडतो. दोन जॉइंट समान कोनात असतील आणि मधल्या शाफ्टवरचे काटे एका रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा फेडतो. काटे काटकोनात लावले की दोघांची चूक एकमेकांवर चढते: कुठे एकतृतीयांश जास्त, कुठे पाव कमी. घाटातल्या वळणावर हे कळतं, सपाट रस्त्यावर ट्रायल घेताना नाही. म्हणून असा माल ट्रायलमध्ये पास होतो.

मग शाफ्टची वाट बदलायचीच असेल तर? बदलता येते. त्यासाठी खाचांचे किंवा दोन बाजूंनी चपटे केलेले तयार शाफ्ट असतात, त्यांच्यावर बसणारे जॉइंट असतात, आणि बोल्ट शाफ्टला पाडलेल्या खाचेतून जातो, म्हणजे क्लॅम्प ढिला झाला तरी शाफ्ट निसटत नाही. दोनाऐवजी तीन जॉइंट लागले तर मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं, नाहीतर तो लटपटतो. हे महाग आहे. पण त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न साधा आहे: अडतंय कोण? हेडर. मग हेडर बदला. नळी कापून पुन्हा वळवता येते, चुकली तर फेकता येते. जागा फारच कमी असेल तर हेडरचा नाद सोडून बिडाचा आखूड मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारा ओतीव भाग) ठेवा. दोन-चार हॉर्सपॉवरसाठी स्टीअरिंगला करवत लावणारा माणूस माझ्या समजुतीपलीकडचा आहे.

मुळात अडतं का, तेही फॉरवर्डवाल्याला ठाऊक नाही. अ‍ॅम्बॅसिडरचं मूळ इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, १४८९ सीसी. त्यात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला, आणि आपलं स्टीअरिंग उजवीकडे. त्यामुळे तिथे भांडण नव्हतंच. आजच्या बऱ्याच इंजिनांत हवा एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. ते इंजिन लांबीत बसवल्यावर एक्झॉस्ट उजवीकडे आला की तो नेमका स्टीअरिंगच्या अंगावर. त्यात अमेरिकेहून तयार हेडर मागवला असेल तर विचारूच नका. तो डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीसाठी वळवलेला असतो, उजवीकडे मोकळं मैदान आहे असं धरून. म्हणून इंजिन ठरवताना पहिला प्रश्न 'एक्झॉस्ट कुठल्या अंगाला?' हा हवा. 'किती सीसी?' नंतर.

आणि अंतर मोजायचं तर इंजिन बंद असताना मोजू नका. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. गिअरमध्ये जोर दिला की ते एका बाजूला कलतं आणि त्याच्याबरोबर हेडरही. थंड गाडीत जिथे बोट जातं, तिथे चढावर नळी शाफ्टला घासू शकते. पहारीने इंजिन दोन्ही बाजूंना रेटून बघा, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, मगच वेल्डिंगवाल्याला हात लावू द्या.

दोरीबद्दल फार लिहीत नाही. गुंडाळीने उष्णता कमी बाहेर पडते, हे मान्य. पण साध्या लोखंडी हेडरवर ती आमच्या पावसात ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत गंजते. जुन्या दुकानात मिळणारी ती पांढरी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असेल तर तिला हातही लावू नका. तिची धूळ फुप्फुसात जाते आणि कॅन्सर करते. शाफ्ट आणि नळी यांच्यात पत्र्याचा आडोसा लावणं जास्त कामाचं.

आता २० टक्के. इथे थोडं कबूल करावं लागेल, नाइलाजाने. जुना बिडाचा मॅनिफोल्ड काही आदर्श नसतो. नीट लांबीच्या, नीट वळवलेल्या नळ्या धूर ओढून काढायला मदत करतात, आणि वरच्या आरपीएमला फरक पडतो. पण तो फरक कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) आणि ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावल्याशिवाय हाती येत नाही, आणि कोपऱ्यावरच्या सायलेन्सरवाल्याने नजरेने वळवलेल्या हेडरमधून २० टक्के तर स्वप्नातही नाही. गंमत म्हणजे फॉरवर्ड म्हणतो, इंजिन जुनं असलं तरी फोर-टू-वन लावा. बी-सिरीजच्या हेडला एक्झॉस्टची तोंडं आहेत तीन. पहिल्या सिलिंडरचं एक, चौथ्याचं एक, आणि मधल्या दोघांचं मिळून एक. चौथी नळी लावणार कुठे, रेडिएटरला? इंजिन नवं घातलं तर दुसरी अडचण: त्याच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. गावठी हेडरला त्याची जागाच ठेवलेली नसते, मग इंजिन अंदाजाने पेट्रोल ओततं आणि पीयूसीला बोंब.

टाय रॉड एंड 'कुठलाही चालतो' हे शाफ्टच्या खालोखाल धोक्याचं. त्याची पिन निमुळती असते, आणि निमुळतेपणाचं माप प्रत्येक गाडीचं सारखं नसतं. माप जुळलं नाही तरी नट घट्ट बसतो, हीच फसवणूक आहे. पिन एका टोकाशीच टेकलेली असते, प्रत्येक वळणाला आत हलते, आणि मानेशी तुटते. पिनेला खुणेचा निळा रंग लावून बसवा, फिरवा, काढून बघा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तर ठीक, नाहीतर परत करा. स्टीअरिंगचा रॅक (टाय रॉड ढकलणारा दातेरी दांडा) दुसऱ्या गाडीचा घालायचा असेल तर टाय रॉडची लांबी आणि उंचीही जुळायला हवी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाकं स्वतःच्या मर्जीने वळतात.

राहिला कायदा. १४ दिवसांची गोष्ट हवेतून आलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बदल कळवण्याची ती मुदत आहे. पण तेच कलम सुरू होतं ते मनाईने: उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. आधी परवानगी न घेता इंजिन बदलण्याची जी मुभा त्यात आहे, ती राज्य सरकारने अधिकृत केलेल्या, किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकांसाठी, आणि तीही त्याच बनावटीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये जपानी इंजिन हे त्यात कुठे बसतं? जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि मूळ तपशिलाशी फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते, तेव्हा इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघणारच. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस तर भिंग घेऊनच येतो.

व्हिंटेज नंबरच्या मुद्द्यात फॉरवर्डने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. जुलै २०२१मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असेल तरच. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी व्याख्येतच बसत नाही. म्हणजे पहिली सूचना पाळली की शेवटची बाद. भाच्याची १९७२ची गाडी, धूर मारत असली तरी मूळ इंजिनावर, आज या नियमात बसते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या बोअरचं काम केल्याने ती बाद होऊ नये. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढच्या वेळी ५,०००. फक्त तो 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेणं एवढ्यापुरताच आहे. रोज कामावर न्यायची असेल तर साधी पुनर्नोंदणीच करावी लागेल.