डोळ्याचं माप आठ पॉइंट सहा

माझ्या चष्म्याने गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत देह ठेवला. भोगीचा दिवस, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येऊन उभ्या, जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या बाराबंद्या. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं आणि चहूकडून अक्षता उडाल्या. मीही उत्साहाने हात वर केला. नेमका त्याच क्षणी शेजारच्यानेही केला. त्याच्या कोपराने माझ्या कानामागून चष्मा अलगद उचलला. तो खाली गेल्याचं मला जाणवलं. त्यानंतर फक्त 'कर्र' असा आवाज आला.

उजवा डोळा उणे सहा, डावा उणे साडेपाच. ज्यांना नंबर नाही त्यांच्यासाठी सांगतो : उणे सहावाल्याला चष्म्याशिवाय सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंतचं काय ते स्पष्ट दिसतं. म्हणजे वीतभरही नाही. त्यापलीकडची माणसं रंगांवरून ओळखायची. शेजारच्या हिरव्या साडीला मी म्हणालो, "चल गं, भजी खाऊ, भूक लागली." उत्तर कन्नडमधून आलं. शब्द कळले नाहीत, सूर कळला. तेवढ्यात खरी हिरवी साडी मागून "अहो, इकडं! इकडं!" करत आली आणि माझ्या वतीने मराठीतून माफी मागू लागली.

घरी मेव्हणा आलेला होता. तो म्हणाला, "दाजी, लेन्स बसवून घ्या की. कुठं त्या चष्म्याचं घेऊन बसलाय." याला स्वतःला कसलाही नंबर नाही. लेन्सचा सल्ला देणारे सगळे असेच, काठावर उभं राहून पोहायला शिकवणारे.

आईने एकच विचारलं, "डोळ्यात काच घालून घेणार?"

मी हसलो, पण इतिहास आईच्या बाजूने होता. आडोल्फ फिक नावाच्या डॉक्टरने झुरिकमध्ये १८८७-८८च्या सुमाराला पहिल्या कामचलाऊ लेन्स केल्या, त्या खरोखर काचेच्याच होत्या. बुबुळच नाही, आजूबाजूचा पांढरा भागही झाकणाऱ्या. त्याने त्या आधी सशांना घातल्या, मग स्वतःला, मग इतरांना. सशांचं मत नोंदलेलं नाही. मऊ लेन्स यायला पुढे सत्तरेक वर्षं गेली. प्रागच्या ओटो विख्टरलेने १९६१च्या नाताळात मुलाच्या खेळण्यातले यांत्रिक तुकडे आणि सायकलचा डायनामो जोडून घरातच यंत्र बनवलं आणि त्यावर लेन्स काढल्या. तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायकोच्या मदतीने. ऐन सणात बायको स्वयंपाकघर देते, वर मदतही करते, हा भाग मला त्या शोधापेक्षा मोठा वाटतो. आमच्याकडे सणाच्या दिवशी मी ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला तरी चालत नाही.

पार्क चौकातून पुढे गेल्यावर एक डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे गेलो. दोऱ्याने बांधलेल्या फुटक्या चष्म्यावर दिवस ढकलता ढकलता मार्च संपत आला होता. सोलापूरच्या पाऱ्याने चाळिशी ओलांडली होती, मीही ओलांडली होती. तपासणाऱ्या मॅडम चोवीस-पंचवीसच्या असाव्यात. त्यांचं पहिलं वाक्य : "काका, हनुवटी इथं ठेवा." तरुण दिसायला आलेल्या माणसाला दारातच काका!

त्या यंत्रात एक लांबलचक सरळ रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा. चष्मेवाला माणूस आयुष्यभर त्या फुग्याकडे बघत असतो, पोचत कधीच नाही. दुसऱ्या यंत्राने बुबुळाचा बाक मोजला. मला वाटलं होतं, नंबर सांगितला की लेन्स मिळते. तसं नसतं. डोळ्याला बांगडीसारखं माप असतं. बायकोची बांगडी दोन-सहा, माझ्या डोळ्याच्या लेन्सचा बाक आठ पॉइंट सहा, व्यास चौदा पॉइंट दोन मिलिमीटर. लेन्स सैल झाली तर पापणी मिटताच घसरते आणि घट्ट झाली तर बुबुळाला जखडून बसते. ती पापणीबरोबर किंचित हलली पाहिजे. त्यात चष्म्याचा नंबर जसाच्या तसा चालत नाही. चष्मा डोळ्यापासून बोटभर लांब असतो, लेन्स डोळ्यालाच चिकटलेली. म्हणून चष्म्यातले उणे सहा लेन्समध्ये साधारण उणे साडेपाच होतात. अर्धा नंबर कमी झाल्याचा मला इतका आनंद झाला की मी दोघांना फोन करून सांगितलं.

"पण सिलेंडर आहे," मॅडम म्हणाल्या.

घरी गॅसचे दोन आहेत, एक भरलेला, एक रिकामा. डोळ्यातही निघाला. बुबुळ चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल नसून पळीच्या पाठीसारखं एका दिशेने जास्त वाकलेलं असलं की सिलेंडर नंबर येतो. त्याला टोरिक लेन्स लागते. ही डोळ्यात गोल फिरून चालत नाही, नाहीतर नंबर तिरपा होतो. म्हणून बऱ्याच टोरिक लेन्स खालच्या बाजूला जराशा जड करतात. लहानपणी तळाशी वजन असलेली बाहुली मिळायची, कितीही पाडली तरी उभी राहणारी, तसं.

मग अश्रूंची परीक्षा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. पट्टी निदान दहा मिलिमीटर तरी भिजायला हवी. माझी सात मिलिमीटर भिजली. मॅडम म्हणाल्या, "डोळे कोरडे आहेत, काका." मी म्हटलं, मॅडम, या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, डोळ्याला रोज कुठून येणार?

त्यांना हसू आलं नाही. बहुतेक हा विनोद त्यांना रोज ऐकावा लागत असावा.

आता निवड. आधी सेमीसॉफ्ट लेन्स दाखवली. लहान, कडक, टिकाऊ, आणि सिलेंडरवाल्याला लख्ख दिसतं म्हणे. घातली. दिसलं लख्खच, पण डोळ्यात ज्वारीचा दाणा ठेवून दिसलं. "सवय होते," मॅडम म्हणाल्या, "फक्त धूळ आत गेली की फार टोचतं." मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता खोदलेला होता, वरून वारा सुटला होता. सेमीसॉफ्ट रद्द.

मऊमध्ये मी आपणहून जास्त पाणी असलेली मागितली. कोरड्या डोळ्याला ओली लेन्स, सरळ हिशेब. तोही चुकला. जास्त पाण्याची लेन्स कोरड्या हवेत स्वतः सुकते आणि ती भर डोळ्यातल्याच ओलाव्यातून काढते. म्हणजे पाहुणा म्हणून आला आणि हंड्यातलं पाणी संपवून गेला. शिवाय बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू थेट हवेतून घेतं. म्हणून ज्यातून प्राणवायू जास्त जातो ती सिलिकॉन हायड्रोजेलची लेन्स घ्या, असं ठरलं. महिनाभर वापरायची टोरिक, आठवड्यासाठी ट्रायल.

खरं दिव्य यानंतर. लेन्स घालता आणि काढता आल्याशिवाय घरी नेऊ देत नाहीत. आरशासमोर बसवलं. लेन्स बोटाच्या टोकावर घ्यायची, कडा वाटीसारख्या सरळ आहेत ना पाहायचं, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी आहे. मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने वरची, आणि बोट डोळ्याकडे न्यायचं. त्रेचाळीस वर्षं मी या डोळ्याला शिकवलंय की बोट आलं की मिट. तो मिटला. पुन्हा मिटला. सातव्या वेळी लेन्स पापणीच्या केसांवर लटकली, आठव्या वेळी नाकावर, नवव्या वेळी कुठेच नव्हती. मग मॅडम, कंपाउंडर, माझी बायको आणि नंबर लावून बसलेले एक आजोबा असे चौघे फरशीवर गुडघे टेकून शोधू लागले. मी शोधू शकत नव्हतो, मला फरशीच दिसत नव्हती. लेन्स शेवटी माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटलेली सापडली. आजोबा म्हणाले, "आमचं मोतीबिंदूचं बरं. आपण नुसतं पडायचं."

पावणेदोन तासांनी पास झालो. निघताना सूचना : लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, अगदी उकळलेलंसुद्धा. घालून झोपायचं नाही. हात साबणाने धुवायचे आणि धागे न सुटणाऱ्या कापडाला पुसायचे. "टॉवेलला नको," त्या म्हणाल्या, "लव चिकटते."

हे सोलापुरात! ज्या गावाने टेरी टॉवेल विणून जगभर पाठवले, ज्या गावात लग्नात आहेर म्हणून टॉवेल, सत्काराला टॉवेल, निवृत्त होताना चादर आणि टॉवेल, तिथल्या माणसाने हात कशाला पुसायचे? आमच्या घरात टॉवेल नसलेलं कापड शोधायला दोन दिवस लागले. शेवटी आईचं जुनं मऊ लुगडं निघालं.

पहिले तीन दिवस स्वर्ग होता. स्कूटरवरून जाताना आरशात आपलं नाक दिसलं. झाडाला सुटी सुटी पानं असतात, हे दिसलं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभं राहून मंदिराच्या पायऱ्या मोजल्या. फक्त हात सारखा नाकाकडे जायचा, नसलेला चष्मा वर सरकवायला. ऑफिसातला मित्र म्हणाला, "काय करलालास बे? नाकाला काय झालंय?" तोपर्यंत लेन्स कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चार जणांनी "आजारी होता का?" असं मात्र विचारलं.

चौथ्या दिवशी रात्री जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आमच्या आईची. खाऊन झालं, हात धुतले, साबण लावून धुतले, लुगड्याला पुसले, आणि लेन्स काढायला उजव्या डोळ्यात बोट घातलं.

तिखटाचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, हे ज्ञान मला त्या क्षणी नव्हतं. मी घरभर पळालो. डोळा उघडेना, त्यामुळे लेन्स निघेना, निघेना म्हणून आग थांबेना. बायको "बोट लावू नका, बोट लावू नका" म्हणत मागे. आई देवघरातून ओरडली, "मी म्हणलं होतं!" आईने काच म्हटलं होतं, चटणी नव्हे, पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. त्या रात्री मात्र अश्रूंची पट्टी लावली असती तर फूटपट्टी कमी पडली असती. लेन्स निघाली एकदाची. रात्रभर तिला द्रावणात ठेवली. सकाळी चोळून, धुऊन, विश्वासाने परत घातली. तिने रात्रभर जाळ जपून ठेवला होता.

मी ती उपटून बेसिनच्या कडेवर टाकली आणि विसरलो. दुपारी आई तळहातावर काहीतरी घेऊन आली. "ही कुरडई अशी कच्ची कुणी टाकली गं बेसिनवर?" वाळून कडक झालेला, पारदर्शक, कडेला दुमडलेला माझा उजवा डोळा होता तो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, डोळा तपासला, ओरखडा नाही म्हणाल्या. मग सुचवलं की रोजची लेन्स घ्या. सकाळी नवी, रात्री फेकून द्यायची, द्रावण नको, डबी नको. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ बोललीच नाही. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात. "एकदा घालून टाकायची? धुऊन ठेवली तर काय होतं?"

दवाखान्यात त्याच वेळी मॅडमनी माझ्या हातात वाचायचा कागद दिला होता. नव्या लेन्समध्ये लांबचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत, आणि हातातला कागद मुंग्या. "वय, काका?"

"त्रेचाळीस."

"चष्म्यात जाणवलं नसेल. तुम्ही चष्मा काढून वाचत असाल." खरं होतं. उणे नंबरवाल्याची ही एकच चैन, डोळ्याजवळ धरलं की वाचता येतं. लेन्स घातल्यावर तीही गेली. उपाय होते. एक डोळा लांबचा, एक डोळा जवळचा, अशी जोडी देतात. घालून पाहिली. एका डोळ्याने एकीकडे आणि दुसऱ्याने दुसरीकडे बघून दोघींनाही बरोबर ठेवणं मी आई आणि बायकोमध्ये रोज करतो, तरी दवाखान्याची पायरी चुकलो. लांबचं-जवळचं एकत्र असलेली टोरिक लेन्स मागवावी लागणार होती आणि तिची किंमत ऐकून बायकोने पर्सची चेन लावली.

शेवटी बाहेर पडलो तेव्हा पिशवीत रोजच्या लेन्सच्या तीस जोड्या होत्या, लग्नकार्यापुरत्या. गड्ड्यात मेलेल्याच्या जागी रोजच्यासाठी एक नवा चष्मा. आणि लेन्स घातल्यावर वरून लावायला एक जवळचा चष्मा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे दोन चष्मे झाले.

ट्रायलबरोबर मिळालेली लेन्सची डबी आता रिकामी होती, दोन खणांची, झाकणांवर एल आणि आर. मी ती टाकायला निघालो तर आईने हातातून घेतली. सध्या ती देवघरात आहे. डाव्यात हळद, उजव्यात कुंकू.