नाव बदलून डीव्हीडी होत नाही, आणि मूळ फाइल अजिबात उडवू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘मोबाइलमधल्या व्हिडिओच्या नावातलं एमपी४ खोडून व्हीओबी लिहा. सॉफ्टवेअर नको, दुकानदाराला पैसे नकोत. डिस्कवर कॉपी करा, सोळाच्या स्पीडने राईट करा, वर फोटोचं स्टिकर लावा. कुठल्याही डीव्हीडी प्लेअरवर फुल एचडी दिसेल. डीव्हीडी शंभर वर्षं टिकते, तेव्हा मूळ फाइल उडवा आणि फोन मोकळा करा.’ खाली ‘सर्वांना पाठवा’.

तो गोव्यातल्या सांखळी गावी माझ्या मावशीकडेही पोचला. डिस्क चालेना, तेव्हा तिला वाटलं प्लेअरच बिघडला. फोनवर मला विचारते, ‘अरे, ती फाइल आता काढून टाकू ना?’ त्या फाइलमध्ये देवळाच्या मांडवातलं उत्सवी नाटक आहे. काका त्यात राजा झालेत. काका आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही राहिलेला नाही. असले मेसेज डोळे मिटून पुढे ढकलणाऱ्यांना याची कल्पना तरी आहे का?

आधी नाव बदलण्याचा प्रकार. डब्यावर ‘रवा’ अशी चिठ्ठी लावली म्हणून आतल्या पोह्यांचा शिरा होत नाही. मोबाइलच्या फाइलमध्ये चित्र बहुधा एच.२६४ पद्धतीने आणि आवाज एएसी पद्धतीने भरलेला असतो. साध्या डीव्हीडी प्लेअरला चित्र लागतं एमपीईजी-२ मधलं, आणि आवाज एसी-३ किंवा तशाच ठरलेल्या प्रकारातला. शिवाय डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर हवं आणि त्यात व्हीओबीच्या, म्हणजे चित्र-आवाज असलेल्या फाइलींच्या, जोडीला आयएफओ फाइली हव्यात. कुठून सुरू करायचं, कुठला भाग कुठे आहे, हे प्लेअर त्या आयएफओत वाचतो. नाव बदलून यातलं काहीच तयार होत नाही.

उलट्या दिशेने मात्र यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. घरी बनवलेल्या डीव्हीडीतल्या व्हीओबीचं नाव ‘एमपीजी’ केलं तर कॉम्प्युटरवर ती बहुतेक वेळा चालते, कारण आत आधीपासूनच एमपीईजी-२ असतं. डिव्हएक्सचं चिन्ह असलेले प्लेअरही नुसत्या कॉपी केलेल्या काही एव्हीआय फाइली वाजवतात. पण म्हणून ‘कुठल्याही प्लेअरवर’?

योग्य रस्ताही फुकटच आहे. डीव्हीडीस्टाइलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, ‘पाल’ (PAL) ही आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत निवडा, रूपांतर ते स्वतः करतं. पाल म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जाचे दोनेक तास मावतात. आपली नाटकं रात्रभर चालतात, तेव्हा दोन-तीन डिस्क लागणारच. सगळं एकीवर कोंबलं तर चेहरे चौकटी-चौकटींचे दिसतात. डिस्क फायनलाइझ करायला, म्हणजे लिहिणं पुरं करून ती बंद करायला, विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर दिसेल आणि प्लेअरवर नाही.

आता ‘मूळ फाइल उडवा’. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच.

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा: डीव्हीडीच्या एका चित्रात त्याच्या बरोबर एक पंचमांश ठिपके मावतात. म्हणजे मूळ फाइल उडवली की पाचातले चार ठिपके कायमचे गेले. काकांच्या अंगरख्यावरची जरीची नक्षी मूळ फाइलमध्ये दिसते, डीव्हीडीवर तिचा नुसता पिवळा पट्टा होतो. ती नक्षी पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

शंभर वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही, हेही सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २००३ साली सीडी-डीव्हीडीच्या निगेवर एक मार्गदर्शिका काढली. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीला उत्पादक शंभर ते दोनशे वर्षं देतात, असं तीत आहे. पण त्यासोबतची अट कोणी फॉरवर्ड करत नाही: शिफारस केलेल्या साठवणीत ठेवली तर. दीर्घकाळ साठवायला ती मार्गदर्शिका ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. कपाटात टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर जुलैत पांढरी बुरशी चढते, आणि त्याच कपाटात डिस्क ठेवून आपण शंभर वर्षांची खात्री धरणार? परत लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कला तर तिथे पंचवीसच वर्षं दिली आहेत.

तेव्हा मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवा, आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. डीव्हीडी फक्त बघण्यासाठी. मावशीला हेच सांगितलंय, आणि तिची फाइल पेनड्राइव्हवर माझ्याकडे घेतलीय.

उरलेले मुद्दे किरकोळ. सोळाच्या स्पीडने लिहिलेली डिस्क चालतेही, पण जुना प्लेअर कुरकुरत असेल तर स्पीड कमी करून पाहा. स्टिकर मात्र नकोच. चिकटवलेलं लेबल नको असं ती मार्गदर्शिकाही स्पष्ट सांगते. नाव-तारीख डिस्कवर लिहिण्यासाठीच्या मार्करने वरच्या बाजूला लिहा.